दुखणं सुरू झाल्याची वेळ

आमच्या फॉर्मवर सातव्या क्रमांकाला दोन चौकटी होत्या. एकीत तारीख लिहायची, दुसरीत वेळ. वर छापलेलं होतं, 'छातीत दुखणं सुरू झाल्याची वेळ'. त्या चौकटीत मी एका माणसाची वेळ चुकीची लिहिली. चूक झाल्याचं तीन दिवसांत माझ्या लक्षात आलं आणि पुढची आठ वर्षं मी ते कुणालाही सांगितलं नाही. त्या आठ वर्षांत त्याच्या बायकोला काय ऐकून घ्यावं लागलं, तेही मला माहीत होतं. आज माझं वय चौऱ्याहत्तर आहे. हात अजून नीट चालतोय तोवर हे लिहून ठेवतो.

माझी सगळी नोकरी आरोग्य खात्यात गेली. हिवतापासाठी रक्ताचे नमुने घेत मी लोहारा, तुळजापूर, कळंब या तालुक्यांतली गावं आधी सायकलवर आणि मग मोटारसायकलवर पालथी घातली. निवृत्त झाल्यावर वर्षभर घरी बसून होतो. तेवढ्यात एका डॉक्टरांचा निरोप आला. ते मोठ्या शहरातले हृदयरोगाचे तज्ज्ञ, पण मूळचे आमच्याच भागातले. आमच्याकडच्या एका खाजगी रुग्णालयात त्यांनी हार्ट अटॅकवर संशोधन सुरू केलं होतं आणि त्यांना गावं माहीत असलेला माणूस हवा होता. त्या रुग्णालयाचं नाव इथं लिहीत नाही, कुणाचंच लिहीत नाही. दोष माझा आहे, दुसऱ्या कुणाच्या नावाला तो चिकटायला नको.

काम समजायला सोपं होतं. खेड्यातल्या माणसाच्या छातीत दुखायला लागलं की तो दवाखान्यात पोचेपर्यंत किती वेळ जातो, हे एक पाहायचं होतं. दुसरं असं, की इथंच ईसीजी काढला, त्याचा फोटो फोनवरून शहरातल्या डॉक्टरांना पाठवला आणि त्यांच्या सांगण्यावरून रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन इथंच दिलं, तर माणसं वाचतात का. त्या इंजेक्शनाला वेळेचं बंधन होतं. दुखणं सुरू होऊन बारा तास व्हायच्या आत आलेल्यालाच ते द्यायचं. उशीर झाला तर त्याचा उपयोग घटत जातो, आणि मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती मात्र तेवढीच राहते. अशा पेशंटला सरळ सोलापूरला पाठवायचं.

म्हणजे ईसीजी यंत्र काढायचं, निदान डॉक्टर करायचे, पण इंजेक्शन मिळणार की नाही हे बऱ्याचदा सातव्या चौकटीवर ठरायचं. आणि ती चौकट मी भरायचो.

आमच्याकडं कुणी 'साडेआठ वाजता दुखायला लागलं' असं सांगत नाही. 'दूध घालून आलो तवा', 'शाळेची घंटा झाली तवा', 'उमरग्याची गाडी गेली अन् मागनं', असं सांगतात. शहरातून आलेली शिकाऊ पोरं यापुढं हात टेकायची. मग मी एक वही केली. कुठल्या गावात कुठली एसटी किती वाजता येते, दूध डेअरी कधी उघडते, खंडोबाची आरती कधी होते, सगळं त्यात होतं. शेवटच्या पानांवर शेतीच्या लाईटचं वेळापत्रक होतं. विहिरीवरच्या मोटारी ज्या तीन फेजच्या लाईटवर चालतात, ती चोवीस तास नसते. एका आठवड्यात दिवसा असते, दुसऱ्या आठवड्यात रात्री. गावागणिक पाळी वेगळी. शेतकरी माणूस आपला सगळा दिवस त्या लाईटवर मोजतो, म्हणून मी दर सोमवारी वीज कार्यालयात जाऊन नवीन पाळी उतरवून आणायचो.

मोठे डॉक्टर एकदा वही चाळून म्हणाले, "काका, हे शहरातल्या पोरांना जन्मात जमलं नसतं." मी ते वाक्य घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितलं होतं.

कामाचे दोन नियम आम्हाला पक्के शिकवले होते. पहिला, वेळ पेशंटच्या तोंडून आली असेल तर तीच धरायची. त्याच्या तोंडी आपले शब्द घालायचे नाहीत आणि नातेवाइकांवर विसंबायचं नाही, कारण उशीर झाल्याची लाज वाटून ते वेळ कमी करून सांगतात. ते खरंही होतं, मी कितीदा पाहिलं होतं. दुसरा नियम खाडाखोडीचा. चूक झाली तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. इतकं सोपं.

तो मंगळवार होता. सव्वाबाराला दोन माणसं एकाला मोटारसायकलवर मध्ये बसवून घेऊन आली. वय पन्नाशीच्या आतलं, अंगापिंडानं मजबूत, पण सदरा घामानं ओला झालेला आणि चेहरा राखेसारखा. नर्सनं ईसीजी काढला. इतक्या पट्ट्या पाहून माझीही नजर सरावली होती, अटॅक आहे हे मला लांबूनच कळलं. मी खाटेजवळ गेलो.

"कवापासून दुखतंय?"

"लाईट आल्यापासनं."

"मोटारीची?"

"व्हय. बटन दाबलं अन् हितं धरलं बगा." त्यांनी मूठ छातीवर ठेवली.

मी गावाचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. मी वही उघडली. त्या गावाला त्या आठवड्यात रात्रीची पाळी होती, दहापासून. मी चौकटीत लिहिलं, रात्री १०. अजून एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता? 'रात्रीच का हो?' एवढंच. पण माझी वही कधी चुकली नव्हती.

शिकाऊ डॉक्टरांनी शहरात फोन लावला. फोन स्पीकरवर होता.

"वेळ?"

"काल रात्री दहा, सर. चौदा तास होऊन गेले."

"दुखणं आहे अजून?"

"थोडं कमी झालंय म्हणतो."

"मग आपल्या नियमात बसत नाही. इंजेक्शन नको. सोलापूरला पाठवा, लगेच."

गाडी येईपर्यंत पेशंटचा धाकटा भाऊ आला. तो त्याच गावात दुकान चालवायचा, दुकानामागंच वेगळा राहायचा, फोनवर कळलं तसा धावत आला होता. त्याच्या मागोमाग पेशंटची बायको आली. ती गावातल्या एका टमटममधून आली होती, पायात चप्पल नव्हती. डॉक्टरांनी दोघांना एकदमच सांगितलं, की रात्री दहापासून दुखतंय, फार उशीर केलात, आता पुढं न्यावं लागेल.

भाऊ तिच्याकडं वळला. "वैनी, रातच्या धापासनं दादा तळमळतोय अन् तुमी आता आणताय व्हय?"

"रातच्याला कुटलं?" ती म्हणाली. "सकाळी भाकर खाऊन गेलेत की रानात. अकराला वापस आले ते असे."

"ताई, पेशंटनं स्वतः सांगितलंय," डॉक्टर म्हणाले. ते रागावले नव्हते. असं त्यांना रोजच ऐकावं लागायचं.

"त्ये असं कसं सांगतील?" ती खाटेकडं निघाली, पण तोवर स्ट्रेचर बाहेर गेलं होतं. मी तिथंच उभा होतो, फॉर्म हातात धरून. मला वाटलं, ही पण वेळ कमी करतेय. मी त्या फॉर्मच्या शेरा लिहायच्या जागेत लिहिलंसुद्धा, 'पत्नीचे म्हणणे वेगळे, विश्वासार्ह वाटत नाही'. ते वाक्य माझ्याच अक्षरात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरहून कळलं, तो माणूस गेला.

पेशंट दगावला की घरी जाऊन माहिती घ्यायची, असं ठरलेलं होतं. शुक्रवारी मी सकाळीच त्या गावाला गेलो. भूकंपानंतर नव्या जागेवर वसवलेलं गाव, एकसारख्या घरांच्या ओळी. घरात दहा-बारा माणसं बसलेली होती. बाईशी बोलायची ती वेळ नव्हती. ज्या शेजाऱ्यानं मोटारसायकलवर आणलं होतं तोच म्हणाला, "चला, कुटं बसले होते ते दावतो."

त्यांचं रान जुन्या गावाच्या जागेजवळ होतं, दोन-अडीच किलोमीटरवर. भूकंपात पडलेल्या गावाचे चौथरे अजून तसेच होते, त्यांवर बाभळी वाढलेल्या. माणसं इथून उठून नव्या जागी गेली, जमिनी मात्र जिथल्या तिथं राहिल्या. विहिरीजवळच्या एका दगडाकडं शेजाऱ्यानं हात केला. "हितं बसले होते. पित्त झालंय म्हणाले मला. तासभर तरी बसले असतील."

मी फॉर्म काढत होतो तेवढ्यात मोटार सुरू झाली. कुणी बटण दाबलं नव्हतं; लाईट आली की ती आपोआप सुरू व्हावी अशी सोय शेजाऱ्यानं कालच करून ठेवली होती. पाइपातून खळखळ पाणी आलं. मी घड्याळ पाहिलं. साडेआठ.

"आता लाईट?" मी विचारलं. "तुमच्या गावाला रात्रीची पाळी आहे ना ह्या हप्त्यात?"

"ती नव्या गावाची लाईन झाली. ही जुन्या गावाची. हिला सोमवारपासनं दिवसाची हाय."

मी त्याच दगडावर बसलो. शेजाऱ्यानं विचारलं, "काय झालं सायेब, ऊन लागलं का?" मी हो म्हणालो. वहीत मी गावाचं नाव लिहिलं होतं. त्या नावाची दोन ठिकाणं आहेत, माणसं एकीकडं आणि विहिरी दुसरीकडं, हे इतकी वर्षं त्या भागात फिरून मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी विचारच केला नव्हता. तो माणूस साडेआठला दुखणं सुरू होऊन सव्वाबाराला आमच्याकडं आला होता. चार तासही झाले नव्हते. इंजेक्शन फ्रिजमध्ये होतं, त्याच्या खाटेपासून दहा पावलांवर.

त्या दिवशी परत येऊन मी फॉर्म टेबलावर ठेवला, पट्टी ठेवली, पेन उघडलं. एकच रेघ मारायची होती. मग मी पुढचं बघायला लागलो. सही केली की डॉक्टर विचारणार. डॉक्टरांना नातेवाइकांना सांगावं लागणार. भाऊ गावातली पन्नास माणसं घेऊन येणार. काचा फुटतील, पोलीस येतील, पेपरात येईल. माझं पेन्शन, मुलाची नोकरी, कुठवर जाईल हे? मी पेन बंद केलं. स्वतःला म्हणालो, अटॅक मोठा होता, इंजेक्शननंही वाचला नसता कदाचित. हे वाक्य मी पुढं आठ वर्षं वापरलं. ते खोटं आहे असं आजही कुणी सिद्ध करू शकणार नाही, म्हणून तर ते इतकं सोयीचं होतं.

पंधरा-वीस दिवसांनी ती बाई आली. एकटीच, एसटीनं. रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसून होती. मला पाहून उठली.

"भाऊ, तुमीच लिवलं न्हवं ते कागदावर?"

"काय ते?"

"रातचे धा." तिच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, त्यात सोलापूरचे कागद. "तिथल्याबी कागदावर त्येच उतरवलंय. माजा दीर सगळ्यास्नी दाखिवतो. एवडं सांगा की त्यास्नी, चुकून पडलं म्हणून. सकाळी माज्या हातची भाकर खाल्ली त्यांनी. दोन खाल्ल्या. रातभर दुखणारा मानूस दोन भाकरी खातो व्हय?"

आजूबाजूला पेशंट होते, नर्स होत्या. मी म्हणालो, "ताई, पेशंटनं सांगितलेलं असतं ते. मला बदलता येत नाही."

"बदलू नगा. निस्तं तोंडानं सांगा."

"मला तसं सांगता येत नाही."

ती म्हणाली, "बरं." पिशवीचं तोंड दुमडलं आणि गेली. चूक झाली ती मंगळवारी. पण गुन्हा मी केला तो त्या व्हरांड्यात.

त्यानंतर मला प्रत्येक गोष्टीची भीती वाटू लागली. अनोळखी नंबरवरून फोन आला की मी उचलायचो नाही. त्या गावाचा कुणी पेशंट आला की मी आतल्या खोलीत काहीतरी काम काढायचो. शहरातून कागद तपासायला एक मुलगी यायची, फार बारकाईनं काम करणारी. गठ्ठ्यातून कुठलेही दहा फॉर्म उपसायची. एकदा तोच फॉर्म तिच्या हातात आला.

"काका, रात्री दहा. इतकी नेमकी वेळ कशी काय?"

"पेशंटनं सांगितली."

तिनं शेऱ्यातलं माझं वाक्य वाचलं, मान हलवली आणि हिरव्या पेनानं बरोबरची खूण केली. जाताना म्हणाली, "तुमचे कागद सगळ्यात स्वच्छ असतात." रात्री मला जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तर म्हणालो, ॲसिडिटी झालीय.

याहून वाईट एक गोष्ट आहे, ती लिहायची मला अजून भीती वाटते. गावोगावी जाऊन आम्ही माणसांना समजावून सांगायचो, की छातीत दुखलं तर पित्त समजून घरी बसू नका. त्या बोलण्यात उदाहरणं असायची. डॉक्टर म्हणाले, ते रात्री दहाचं उदाहरण घ्या, लोकांना पटेल. आणि मी ते सांगत राहिलो. सास्तूरला शाळेच्या मैदानावर सांगितलं, अणदूरला खंडोबाच्या देवळाजवळ सांगितलं. 'आपल्याच भागातल्या एका गावात माणूस रात्रभर तळमळला, घरच्यांनी दुसऱ्या दिवशी दुपारी आणला.' बायका हळहळायच्या. एक म्हातारा सास्तूरला मोठ्यानं म्हणाला, "घरातली काय झोपली होती का?" सगळे हसले. मी पुढचं वाक्य सुरू केलं.

तो शेजारी स्वतःचं ब्लडप्रेशर दाखवायला दर दोन महिन्यांनी यायचा, त्याच्याकडून मला सगळं कळायचं. शेती एकत्र होती, पण दिरानं वाटणी मागून घेतली. त्या वेळी धाकट्याकडं असलेली सासू वाटणीनंतर हिच्याकडं राहायला आली, मात्र सुनेशी गरजेपुरतंही बोलत नव्हती. गावात कुणाला ताप भरला तर बाया म्हणायच्या, लवकर न्या बाई, तिच्यावाणी निजून राहू नका. तिच्या पोरीला एक स्थळ आलं होतं, ते याच कारणावरून मोडलं. शेजारी हे सांगायचा आणि म्हणायचा, "बाई गुणाची हाय तशी. पण झोप लागली आसंल. मानूसच हाय." तोसुद्धा विश्वास ठेवून बसला होता. पेशंटच्या तोंडून 'लाईट' हा शब्द त्यानं ऐकलाच नव्हता. कागदावरही तो नव्हता. तो शब्द फक्त मला आणि गेलेल्या माणसाला माहीत होता.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी माझी बायको चहा करता करता खाली बसली. जबडा दुखत होता तिचा. मी तिला घेऊन गेलो तर ईसीजीत अटॅक. डॉक्टरांनी तिलाच विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, "रात्रीपासून दुखतंय. दात असेल म्हणून बोलले नाही." माझ्या मुलानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्या नजरेत एवढंच होतं, की बाबा, तुम्ही शेजारीच झोपला होतात. बायको वाचली. त्या नजरेला उत्तरही तिनं दुसऱ्या दिवशी मुलाला देऊन टाकलं, की मी यांना उठवलंच नाही. पण तो एक दिवस मी त्या नजरेखाली काढला आणि मला समजलं, की दुसऱ्या कुणाला तरी ती नजर मी आठ वर्षांसाठी देऊन ठेवली आहे.

मी मोठ्या डॉक्टरांना फोन केला. ते आता थकले आहेत. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, एका नोंदीनं निष्कर्ष हलत नाहीत."

"निष्कर्षाचं नाही म्हणत मी, सर."

"कळतंय मला. पण आता उकरून कुणाचं भलं होणार? त्या बाईला काय सांगणार, की तुझा नवरा वाचू शकला असता?"

हीच माझी सगळ्यात मोठी भीती होती. तिच्यावरचा आळ काढायचा तर त्याच वाक्यात तिला नव्यानं मारायचं. दोन आठवडे मी त्यावर अडलो. मग वाटलं, हे तिच्या वतीनं ठरवणारा मी कोण? एकदा तिच्या वतीनं मी ठरवलं होतंच.

एका कागदावर सगळं लिहिलं, सही केली आणि एसटीत बसलो. मुलगा बरोबर येतो म्हणाला, मी नको म्हणालो. गाडीत सारखं वाटत होतं, बंद पडावी, काहीतरी व्हावं. गावात उतरलो तेव्हा चार वाजले होते. शेजाऱ्याला आधीच फोन करून दिराला बोलावून घ्यायला सांगितलं होतं. तो दारात खुर्ची टाकून बसला होता. आत सासू भिंतीला टेकून बसलेली. ती बाई तांब्या घेऊन बाहेर आली, मला ओळखलं आणि पाणी माझ्यापुढं न करता तिथंच खाली ठेवलं.

मी सांगितलं. जुन्या गावाची लाईन, वही, साडेआठ, फ्रिज, व्हरांडा. काही गाळलं नाही. सास्तूर आणि अणदूरही सांगितलं.

दीर उठून उभा राहिला. मला वाटलं, आता हात उगारतोय. मी तयार होतो. "आठ वरसं," एवढंच म्हणाला आणि पुन्हा बसला, खुर्चीची पाठ घट्ट धरून. वहिनीकडं त्यानं पाहिलं नाही. पाहवेना असेल.

ती म्हणाली, "म्हंजे विंजेक्शन होतं?"

"होतं."

"दिलं असतं तर?"

"जगले असते असं मी सांगू शकत नाही, ताई. पण देता आलं असतं. द्यायलाच हवं होतं."

ती खाली बसली. पदर तोंडाला लावला नाही, रडली नाही. जमिनीवरून बोट फिरवत राहिली. मी तिच्या पाया पडायला वाकलो तर म्हणाली, "त्ये नगं. म्या तवा मागत होते त्ये द्या. वाचा त्यो कागद. आमच्या सासूबाईस्नी ऐकू कमी येतं, त्यांच्या कानापाशी बसून वाचा."

मी म्हातारीजवळ बसलो आणि वाचलं. तिला कळेना. आवाज चढवला. घरं भिंतीला भिंत लागून आहेत. शेजारच्या दारात बायका येऊन उभ्या राहिल्या. "दुखणं रात्री नाही, सकाळी साडेआठला सुरू झालं. रात्री दहा हे मी चुकीनं लिहिलं. त्यांच्या पत्नीनं खरं सांगितलं होतं."

म्हातारीनं माझं मनगट धरलं. "मंग माजा ल्योक रातभर वरडत न्हवता?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. आठ वर्षं ती म्हातारी रोज अंथरुणाला पाठ टेकत होती आणि अंधारात तळमळणारा मुलगा बघत होती. तो मुलगा तिला मी दिला होता.

"नाही, आजी. रात्री झोपले होते. सकाळी दोन भाकरी खाऊन रानात गेले."

"झोपला हुता," ती म्हणाली. मग सुनेच्या दिशेनं तोंड करून म्हणाली, "तू सांगत हुतीस."

"व्हय."

"म्या ऐकलं न्हाय."

सून उठली, चप्पल घातली. मला म्हणाली, "तुमची गाडी सव्वासाला हाय. तवर देवळापुढं चला. तिथं मानसं बसलेली असत्यात."

रस्त्यात ती पुढं होती आणि मी मागं. दिरानं आधी नजर वर केली नाही. वळणावर पाहिलं तर तोही मागून येत होता. देवळापुढं वीसेक माणसं होती. मी कट्ट्याला टेकून उभा राहिलो. ती बाजूला उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. मी वाचलं. वाचून कागदाची घडी घातली.

मग मागच्या बाजूनं एकजण म्हणाला, "आमास्नी नीट आलं न्हाय ऐकू. परत वाचा."

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं मान हलवली. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.